कलम सहा

रेनो कोस्किनेनने कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात एकच काम केलं. लेखनाच्या कोर्सची नियमावली वाचली. बाकीच्या पोरांनी ती पानं दप्तरात कोंबली होती. रेनो ती स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरून, कॉफीचा मग बाजूला ठेवून, हातात लाल पेन घेऊन वाचत होता.

"बाबा, ती वाचायची नसते," त्याची मुलगी आयली म्हणाली. "कुणीच वाचत नाही."

"कुणी वाचत नाही म्हणूनच मालकांचं फावतं."

"इथे मालक कोण आहे?"

रेनोने पान उलटलं. गिरणीत तो युनियनचा प्रतिनिधी होता, आणि करारातला स्वल्पविराम न् स्वल्पविराम त्याला पाठ असे. अमेरिकेतल्या डुलूथ गावची ती कागद गिरणी बंद पडली, सरकारने कामगारांना नवं शिक्षण घ्यायला पैसे दिले, आणि रेनो वयाच्या चोपन्नाव्या वर्षी हीटर दुरुस्तीचा कोर्स करायला निघाला. त्यासाठी निबंधलेखन सक्तीचं होतं. संध्याकाळची तुकडी एकच, आणि नेमकी त्याच तुकडीत अठरा वर्षांची आयली. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वर्गात तू मला ओळखत नाहीस."

पण रेनोला गप्प बसवणं अवघड होतं.

पहिला निबंध द्यायच्या दिवशी जोलीन नावाची बाई मधल्या सुट्टीत पिशवी आवरायला लागली. ती वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची. तिचं पोर आठवडाभर खोकत होतं आणि निबंधाची एक ओळही झाली नव्हती.

"सोडते मी कॉलेज," ती म्हणाली. "पहिल्याच घासाला खडा."

"खाली ठेव ती पिशवी!" रेनो उठलाच. "कलम सहा! प्रत्येकाला एकदा आठवडाभराची मुदत, कारण विचारणार नाहीत. फक्त मागायला हवी. आणि तास संपायच्या आत मागायला हवी."

"असं कुठे लिहिलंय?"

"पान चार. चल, उठ!"

शिकवणाऱ्या बाई कॉफी आणायला खाली गेल्या होत्या. रेनो पुढे, जोलीन मागे, जिन्यावरून दोघं धडधडत उतरले. सिग्ने टॉलेफसन, म्हणजे त्यांच्या बाई, मशीनपाशी कप धरून उभ्या होत्या. रेनोने धापा टाकत कलम म्हणून दाखवलं. बाई आधी दचकल्या आणि मग इतक्या हसल्या की कॉफी सांडली.

"मुदत दिली," त्या म्हणाल्या. "देवा रे, कुणीतरी वाचलं ते! इतकी वर्षं मी ती पानं वाटतेय."

जोलीनने रेनोला तिथेच मिठी मारली. वर आल्यावर तिने वर्गात डांगोरा पिटला, आणि दुसऱ्या दिवसापासून रेनोभोवती कँटीनमध्ये गर्दी जमू लागली. आजारी पडलं तर काय? अक्षरं उलटसुलट दिसतात, त्याला काही सोय आहे का? आहे, पान सात, परीक्षेला जास्त वेळ मिळतो, आधी अपंग सहाय्य कक्षात जाऊन ये. गिरणी बंद झाल्यापासून रेनो इतका खुलला नव्हता. घरी येताना तो गाडीत शीळ घालायचा, आणि आयली खिडकीबाहेर बघत हसू दाबायची.

मग निबंध तपासून आले. रेनोच्या निबंधाचं नाव होतं 'आपल्या भागातील कागद उद्योगाचे महत्त्व'. वर बाईंचा शेरा होता: 'अजून नाही.' त्याने कागदाची घडी घालून कोटाच्या खिशात टाकली.

आयलीने ते पाहिलं. पार्किंगमध्ये तिने त्याला गाठलं. "कलम नऊ काय म्हणतं?"

"मला पाठ आहे कलम नऊ."

"मग म्हण ना."

"'अजून नाही' आलं तर सत्र संपेपर्यंत कितीही वेळा पुन्हा लिहून द्यावं," रेनो पुटपुटला. "मात्र दर वेळी आधी लेखन केंद्रात जाऊन बसावं."

"मग?"

"ते ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी आहे."

"अच्छा! जोलीनला जिन्यावरून फरफटत नेलंस, तिला येत नव्हतं म्हणून? लोकांची वकिली करतोस, तुझी कोण करणार? मी करते. चल!"

तिने त्याची बाही धरली आणि पुन्हा आत, भर कॉरिडॉरमधून, सगळ्या मित्रमैत्रिणींच्या देखत, बापाला ओढत नेलं.

लेखन केंद्रात विद्यार्थ्यांना निबंध सुधारायला मदत करायला मार्लिस हूल बसायच्या. ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या बाई, पांढरी वेणी, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी निबंध वाचला आणि पालथा ठेवला.

"यात तुम्ही कुठे आहात हो?"

"मी कशाला असायला हवा?"

"बरं. शेवटच्या दिवशी काय झालं ते तरी सांगा."

रेनोने घसा खाकरला. "मशीन थांबलं. आम्ही सवयीने ओरडूनच बोलत होतो. मग एकेकाच्या लक्षात आलं की आता ओरडायची गरज नाही. माझा जोडीदार गस साध्या आवाजात म्हणाला, 'चल रेनो.' जन्मभर शेजारी उभा होता तो माझ्या. त्याचा आवाज इतका मऊ आहे हे मला माहीतच नव्हतं. मग खालच्या नदीचं पाणी ऐकू आलं. ती रोजच वाहत असणार ना?"

मार्लिसनी चष्मा काढला. "हे लिहा. आत्ता. मी हलत नाही इथून."

रेनो लिहायला बसला. खोडलं, पुन्हा लिहिलं. त्याचे कान लाल झाले, पाय टेबलाखाली ताल धरू लागले. पगारवाढीची बोलणी जिंकताना व्हायचं तसंच त्याला होत होतं. परत दोनदा आला तो केंद्रात, आणि तिसऱ्या खेपेला न बोलावता, धावत. "मार्लिसबाई, नदी शेवटी नको! मधे हवी! मला गाडी चालवताना कळलं!"

बाईंनी तो निबंध वर्गात वाचायला लावला. गसच्या आवाजापाशी रेनो अडखळला. मागून जोलीन ओरडली, "वाचा काका, थांबू नका!" वाचून संपलं तेव्हा कुणीतरी बाक वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवले. कागदावर या वेळी शेरा होता, 'झालं!' आणि त्याखाली बाईंनी दोन रेघा ओढल्या होत्या.

आयली उभी राहिली. "हे माझे बाबा आहेत," तिने शेजारच्या पोराला सांगितलं, जरा मोठ्यानेच.

गाडीत बसल्याबरोबर तिने विचारलं, "हे तू घरी कधी का नाही सांगितलंस?"

"विचारलं कुणी?"

"मी विचारतेय. सगळं सांग. गस कसा होता? रात्रपाळीला काय खायचात? भांडायचात का?"

"भांडायचो? अगं, एकदा तर..." रेनो हसायलाच लागला, आणि सांगत सुटला. सरोवराकाठचा रस्ता बर्फाने पांढरा झाला होता. घराचं वळण केव्हाच मागे गेलं. आयलीच्या ते लक्षात आलं, पण ती काही बोलली नाही. "आणि मग?" ती म्हणाली. "मग गस काय म्हणाला?"