दादाचा खोकला

फिजिओथेरपिस्ट मुलीने खाटेवरच्या बाईच्या छातीशी उशी दाबून धरली आणि पुन्हा सांगितलं, "आता पोटातून खोका. जोरात."

तिने श्वास भरला. ओठ आपोआप घट्ट मिटले, खांदे तेवढे हलले आणि घशातल्या घशात काहीतरी खरवडलं गेलं. लगेच तिची नजर बंद दाराकडे गेली.

"ताई, हा काय खोकला झाला?" मुलगी हसली. स्वभावाने गोड होती, पण आता तिचीही चिकाटी संपत आली होती.

बाईच्या डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग कामातून गेला होता. लहानपणी छातीत कफ भरला, त्यावर कधी औषधपाणी झालं नाही, आणि तो तिथेच साचून सडत राहिला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो भाग काढायचा ठरला होता. पण ऑपरेशननंतर खोकून कफ बाहेर काढला नाही, तर उरलेलं फुफ्फुसही भरून येईल आणि बाई हातची जाईल. म्हणून खोकता येईपर्यंत डॉक्टर सुरीला हात लावणार नव्हते. चाळिशी उलटलेल्या बाईला खोकायला शिकवायचं, याची वॉर्डात थट्टा चालायची. तीही त्या थट्टेत हसायची, पण आतून तिची पाचावर धारण बसली होती.

तिचा दादा खुर्चीवर पिशवी मांडीत घेऊन बसला होता. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी लहानपणच्या आजारांची चौकशी केली, तेव्हा तो म्हणाला होता, आमच्या घरी कधी कोणी आजारी पडलंच नाही. एका परीने ते खरं होतं. त्या घरात आजारी पडायची सोयच नव्हती. बाबा रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि दिवसभर झोपायचे. दोन खोल्यांच्या घरात त्यांची झोप मोडली, की ज्याने मोडली त्याच्या कानाखाली जाळ निघायचा. आई अशा वेळी नळ मोठा सोडून भांडी घासायला बसायची.

तेव्हा ती खोकला गिळायला शिकली. पांघरुणाचा बोळा तोंडात कोंबायचा आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दम धरायचा. पुढे शिवणकारखान्यात लागली, तेव्हा तिथल्या मशिनांचा खडखडाट तिला फार आवडला. त्या आवाजाच्या आडोशाने थोडंफार खोकता यायचं.

दादाला मात्र हे कधी जमलं नाही. बाबांचा जरा डोळा लागला, की हा आपल्या कोपऱ्यातून खोकलाच. मार खायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका थपडेत त्याचा डावा कान कायमचा गेला. याला काळवेळ कधी कळलीच नाही, असं ती वहिनीला आजही हसत सांगायची आणि दादाही हसायचा.

"ताई, बघा, उद्याही जमलं नाही तर डॉक्टर तारीख पुढे ढकलतील," मुलगी म्हणाली. "आणि तुमच्याकडे तेवढा वेळ नाहीये."

"बाबा जाऊन किती वर्षं झाली," दादा हळूच म्हणाला. "कोणी येत नाही आता."

"माहितीये मला."

तिने पुन्हा प्रयत्न केला. ओठ मिटले ते मिटलेच.

तेव्हा दादाने पिशवी खाली ठेवली, म्हणाला, अगं असं, आणि दोनदा खोकला. कोरडा, खणखणीत, थेट बेंबीच्या देठापासून. खोली दणाणली. तो खोकला तिने झोपेतही ओळखला असता.

"वा!" मुलगी म्हणाली. "तुम्हालाही लहानपणी हाच त्रास होता वाटतं?"

"छे," दादा म्हणाला. "मला कुठला खोकला?"

बोलून तर गेला. मग पिशवी उचलून तिचा बंद उगाच सोडवत बसला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो खोकायचा त्या प्रत्येक वेळी तिच्या तोंडात पांघरुणाचा बोळा असायचा. जीव कासावीस झालेला असायचा, आता सुटणार, आता सुटणार असं वाटत असायचं, आणि तेवढ्यात तो खोकायचा. मग त्या मारहाणीच्या गोंधळात ती बोळा काढून मनसोक्त खोकून घ्यायची. इकडे कोणाचं लक्षच नसायचं. आणि नंतर त्यालाच बावळट म्हणायची.

"दादा," ती म्हणाली.

"ते सोड आता. या सांगतात तसं कर." त्याने मान वर केली नाही. "नाहीतर मी परत दाखवतो."

"नको." तिने मुलीच्या हातातली उशी घेऊन स्वतःच छातीशी आवळली. "आता तू खोकू नकोस. मी खोकते."

आणि दाराकडे न बघता तिने तोंड उघडलं.