आपल्याच हातचा ढीग

"हा नव्हे," हे म्हणाले आणि उपसलेले दगड पुन्हा एकावर एक रचायला बसले.

"अहो, राहू द्या की! इथे कोण येतंय बघायला?"

"खुणेचा ढीग आहे. मोडून जाऊ नये."

मी कपाळावर हात मारला. सकाळपासून हेच चाललं होतं. ढीग उपसायचा, खालचा खडक चाचपायचा, 'हा नव्हे' म्हणायचं आणि ढीग होता तसा करून ठेवायचा. गुडघ्यांची बोंब, डोळ्यांचीही तीच गत. यापुढे नजर कमीच होत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून यांनी एकच धोशा लावला होता, "एकदा तुला दाखवतो. मग डोळे गेले तरी चालतील."

मोजणी खात्यात जन्म गेला यांचा. साहेबांनी दुर्बिणीतून बघायचं, यांनी डोंगरावर काठी धरून उभं राहायचं. तरुणपणी इथेच कुठेतरी काठी रोवायला खड्डा खणताना खडकात सोन्याची शीर दिसली म्हणे, दोऱ्याएवढी. नखाएवढा तुकडा फोडून घेतला, बाकीचं झाकलं. आता खूण काय करावी? रोज करायचे तेच केलं. दगडांचा ढीग रचला आणि वर चुना फासला. आपल्या हातचा ढीग आपण ओळखणार नाही का, ही खात्री!

पुढच्या वर्षी वरून हुकूम आला, सगळ्या डोंगरावर खुणा करा. त्या केल्या कोणी? यांनीच! जिकडे बघावं तिकडे यांच्या हातचे ढीग, सगळे एका वळणाचे. इमानेइतबारे काम केलं आणि स्वतःचं सोनं स्वतःच हरवून बसले. हसावं की रडावं, सांगा!

तो तुकडा मी पाहिलाच नाही. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. मुलीला घेऊन परत आले, तर घरात कोरा करकरीत पाळणा. तुकडा विकून आणला म्हणाले. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, जादा काम करून आणला असेल. धाकट्या दिरांनी तर यांचं नावच पाडलं, सोनेशेठ. घरात चार माणसं जमली की, "काय सोनेशेठ, खाण कुठवर आली?" सगळे खो खो हसायचे. हेही हसायचे. मी हसले की मात्र मान खाली घालायचे.

उन्हं उतरली. आणखी एक ढीग उपसून झाला. यांची बोटं सोलवटली होती.

"हाही नव्हे." आवाज चिरकला यांचा. "चल. तुझी मात्र उगीच पायपीट झाली."

मी बघतच राहिले. थापाड्या माणसाला यात काय अवघड होतं? कुठलाही खड्डा दाखवायचा आणि म्हणायचं, इथेच होतं, दरड कोसळली, गाडलं गेलं. मला काय डोंबल कळणार होतं? पण यांच्या तोंडून ते येईना. थापाड्याची जागा कधी हरवत नाही. खरोखर असतं त्याचंच हरवतं. इतकी वर्षं या माणसाबरोबर संसार केला आणि मला हे आज कळावं? मी खाली बसले आणि एकेक दगड उचलून यांच्या हातात देऊ लागले.

"मोठा आधी दे," हे म्हणाले.

खाली फाट्यावर बसची वाट बघत होतो, तेवढ्यात दिरांचा फोन आला. त्यांचा आवाज खणखणीत, यांनाही ऐकू जात होता.

"काय वहिनी, सापडलं का सोनेशेठना?"

"सापडलं, भाऊजी."

"चेष्टा करता होय?"

"चेष्टा कसली? या डोळ्यांनी पाहिलं. दोऱ्याएवढी शीर आहे. होतं तसं झाकून आलो." आणि मी फोन ठेवून दिला.

बस आली. यांनी मला खिडकीशी बसवलं. डोंगर मागे पडला तेव्हा हळूच म्हणाले, "आता लोक तुलाही म्हणतील, कुठे आहे ते दाखव."

"म्हणू देत."

"आणि तुला दाखवता येणार नाही."

"नाही येणार," मी म्हणाले.

यांनी रुमाल काढला. नीट दिसत नव्हतं, तरी माझ्या बोटांची माती एकेक बोट धरून पुसत राहिले.