तीन तलावांची फेरी

विनायकने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला, तेव्हा अलका सासूबाईंसाठी केलेली खीर ढवळून गार करत होती.

“हे बघ,” तो म्हणाला. “हरियाणात, सोहना गावाच्या पुढे, अरवलीच्या पठारावर तीन तलाव आहेत. जुन्या काळी बंधारे घालून अडवलेलं पाणी. पहिल्यावरून दुसऱ्याला, तिथून तिसऱ्याला आणि वळून परत गाडीपाशी. नऊ किलोमीटरची गोल फेरी. माणूस नाही, वस्ती नाही. मध्यम अवघड, असं लिहिलंय.”

“मध्यम कोणासाठी?” अलकाने विचारलं आणि वाटी घेऊन ती आत गेली.

तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. अलका केंद्र सरकारच्या एका खात्यात होती. तिने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. तेव्हापासून नवरा-बायको दोघं मिळून घराबाहेर पडलीच नव्हती. एक भाजीला गेला की दुसरा घरी. विनायकला ऑफिस तरी होतं. अलकाला दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्या चौथ्या मजल्यावरून खालची बाग दिसायची, एवढंच.

फेरीचा बेत नोव्हेंबरातच ठरला होता. तेव्हा हवा इतकी खराब झाली की खिडक्याही उघडवेनात. मग धुकं आलं. मग सासूबाईंना न्यूमोनिया झाला. विनायक मात्र दर रविवारी नकाशा उघडून बसे. कुठे गाडी लावायची, कोणत्या बंधाऱ्यावरून वळायचं, हे त्याचं सगळं पाठ झालं होतं. आईजवळ कोण थांबणार, हा विषय त्याने एकदाही काढला नव्हता.

“वृंदाला बोलावू या की,” फेब्रुवारीत तो म्हणाला. वृंदा त्याची धाकटी बहीण, पानिपतला राहणारी. ती यायची, आईचा हात धरून रडायची आणि संध्याकाळच्या आत परत जायची.

“तुम्ही बोलवा. मी नाही फोन करणार.”

वृंदा लगेच म्हणाली, “बिल्कुल! एक दिवस तर आहे यार, त्यात काय.”

शुक्रवारी ती आली. अलकाने तिला सगळं दाखवलं. गोळ्या कशा कुटायच्या, कूस कशी बदलायची, पाणी पाजताना मान कशी धरायची. मग दोन्ही वेळचा स्वयंपाक करून ठेवला, चादरी काढून ठेवल्या, वाटेसाठी भाजी-पोळीच्या गुंडाळ्या केल्या. शनिवारी सकाळी गाडीत बसली तेव्हाच तिची कंबर भरून आली होती.

गुरुग्रामचे टॉवर मागे पडले, सोहन्याचा घाट चढला. एका कच्च्या रस्त्याच्या टोकाला गाडी उभी करून दोघं चालायला लागली. चहूकडे खुरटी झुडपं, तांबूस दगड आणि कीकरचे, म्हणजे बाभळीचे काटे. पहिल्या तलावात पाणी होतं. काठावर चार बदकं पोहत होती.

“बघ!” विनायक म्हणाला. तो खुशीत होता, भराभर चालत होता. अलका मागे पडत होती. दर थोड्या वेळाने तिचा हात पर्समधल्या फोनकडे जाई.

दुसरा तलाव कोरडा निघाला. तळाला भेगाळलेला चिखल आणि त्यात गुरांच्या खुरांचे ठसे.

“नकाशात निळा दाखवलाय,” विनायक ओशाळून म्हणाला. “फोटो पावसाळ्यातला असणार.”

दोघं बंधाऱ्यावर बसली. अलकाने गुंडाळी सोडली आणि तेवढ्यात फोन वाजला. वृंदा रडत होती.

“वहिनी, आई खातच नाहीये गं. तुझंच नाव घेतेय. मी घास पुढे केला तर हात झटकला माझा. मला नाही जमत. तुम्ही या ना.”

विनायक ऐकत होता. तो लगेच उठला. “चल, परत फिरू.”

अलका उठली नाही. “आपण कुठे आहोत आत्ता?”

“मधोमध. का?”

“मग मागे गेलं काय, पुढे गेलं काय, सारखंच की.” ती फोनमध्ये म्हणाली, “वृंदा, ताट बाजूला ठेव. पडदा सरकव. काही बोलू नकोस, नुसती शेजारी बस. तासाभराने दहीभात दे.”

“आणि नाहीच खाल्लं तर?”

“तर नाही खाल्लं. माझ्याकडूनही कितीदा खात नाहीत.”

वृंदा हळूच “अच्छा” म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

विनायक अजून उभाच होता. “आईला असं सोडून…”

“मी दमलेय हो,” अलका म्हणाली. “चालून नाही. घरातून निघतानाच दमले होते. तुम्ही तीन महिने तलाव शोधलेत. या एका दिवसामागचं बाकी सगळं मी उभं केलं. तुम्हाला वाटलं, मला फिरायला आणलंत.”

तिचा आवाज चढला नव्हता. विनायक खाली बसला. मग म्हणाला, “तुला विचारायला हवं होतं. खरंच.”

“हं.”

पोळी खाऊन ती स्वतःच उठली आणि पुढच्या वाटेला लागली. आता विनायक मागून चालत होता. तिसऱ्या तलावात गुडघाभर पाणी उरलं होतं. अलकाने बूट-मोजे काढले आणि पाय पाण्यात सोडून बसली. पलीकडच्या काठावर एक नीलगाय पाणी पीत होती. ऊन कलायला लागलं तरी विनायकने उठायची घाई केली नाही. फोन वाजला नाही आणि तिनेही केला नाही.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. वृंदा आईच्या पलंगापाशी खुर्चीत बसली होती. केस सुटलेले, ओढणीला दहीभात लागलेला.

“अर्धी वाटी खाल्ली,” ती म्हणाली. “वहिनी, तू हे रोज करतेस?”

“रोज.”

वृंदाने मान खाली घातली. “मला वाटायचं, तुला सवय झाली असेल.”

अलका बाहेर येऊन सोफ्यावर टेकली. कूस बदलायची वेळ झाली होती. ती उठायला लागली, तसा विनायकने तिचा खांदा दाबला.

“तू बस. वृंदा, चल. कसं करायचं ते सांग मला.”

दोघं आत गेली. उशी कुठे सरकवायची यावरून भावा-बहिणीचा वाद सुरू झाला. काहीतरी खाली पडलं. सासूबाई अडखळत्या जिभेने मुलावर कडाडून रागावल्या, मग त्यांनी अलकाला हाक मारली. एकदा, दोनदा.

अलकाने हाक ऐकली. पाय जवळ ओढून घेतले आणि ती तिथेच बसून राहिली.