बसायच्या मापाची माती

चंद्रमौलीला अंगणात सिमेंट घालायचं होतं आणि त्याच्या म्हाताऱ्या बापाला कडप्पाच्या फरश्या हव्या होत्या. आठवडाभर कुंभकोणमच्या त्या मराठी घरात दुसरा विषय नव्हता. गंमत अशी, की बापाला फरश्या का हव्यात हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकजण बोलेल तर शपथ.

म्हातारे व्यंकोबा एके काळी पापनाशमच्या कचेरीत जुनी मोडी दप्तरं वाचून दाखवायचे. आता ओट्यावर खाटेला खिळले होते. पाय सुजलेले, श्वास पुरत नव्हता. तिथूनच ते लेकाशी वाद घालत.

"फरशीवर रांगोळी ठसठशीत उठते रे."

"सिमेंटावर जास्त उठते, अप्पा."

"ऊन तापतं."

"कडप्पा काळा. तो तर तव्यासारखा तापेल."

"पावसाचं पाणी मुरायास नको?"

"उतार काढू. सरळ गटारात जाईल."

उपाध्याय महिन्याची अमावास्या सांगायला आले, तेही घसा खाकरून म्हणाले, "तुळशीपुरती माती ठेवावी बरं." चंद्रमौली म्हणाला, तुळस कुंडीत लावू. उपाध्याय पान चघळत निघून गेले. शहाणा माणूस! एवढे मंत्र पाठ, पण एक साधं वाक्य तोंडातून निघालं नाही.

ते वाक्य असं होतं: म्हातारा मेला की त्याचं कुंड खणायला माती लागेल.

या मुलखातली रीत अशी, की माणूस गेला की एक खड्डा नदीकाठी आणि एक घराच्या दारात खणायचा. त्यात दगड रोवायचा. दहा दिवस जीव त्या दगडाशी असतो, म्हणून त्यावर रोज तिळाचं पाणी ओतायचं. दहाव्या दिवशी दगड उपटून पाण्यात सोडायचा आणि खड्डा बुजवायचा. फरशी असली तर एक उचलता येते, काम झालं की पुन्हा बसवता येते. सिमेंट एकदा ओतलं की ओतलं. पलीकडच्या कृष्णमूर्तीनं मोठ्या हौसेनं अंगण सिमेंटाचं केलं आणि त्याच वर्षी त्याची आई गेली. पहार मारून मारून बशीएवढा टवका निघाला. शेवटी पितळेच्या तपेल्यात वाळू भरून तिच्यात दगड खुपसला. व्यंकोबांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांनी तपेल्याचा धसका घेतला होता.

त्यांनी एकदा लेकाला स्पष्ट सांगायचा प्रयत्न केला. चंद्रमौलीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "शिव शिव! भलतंच काय बोलता अप्पा? शंभर वर्षं जगा!" बापाच्या मरणाचा शब्द ऐकवत नाही, असा तो प्रेमळ मुलगा. सबकलेक्टरच्या बंगल्यापुढे सिमेंटाची वाट झालीय, आपल्या रस्त्यात आपण मागे का, हेही त्याच प्रेमळ मुलाच्या मनात होतं.

मग एका दुपारी, घरात सगळे लवंडले असताना, व्यंकोबांनी भवानीला हाक मारली.

भवानी त्यांची थोरली लेक. तिरुविडैमरुदूरला दिली होती. नवरा गेला, डोक्यावरून वस्तरा फिरला, अंगावर लाल आलवण आलं आणि ती परत आली. तेव्हा ती रडली नव्हती. रडू नंतर येईल असं तिला वाटलं होतं. इतकी वर्षं झाली, ते आलं नाही. ती पाणी भरायची, भात शिजवायची, बापाचे पाय चेपायची. हात चालत, बाकी आत काही हलत नसे.

"मज तपेल्यात नको गे," म्हातारा म्हणाला. "राजवाड्याचा तनखा गेला, शेत गेलं. हे दार तेवढं राहिलंय. तूच सांग त्यास."

"मी?"

"तुज कोण अडवणार? तुझं तोंड तसंही अशुभच धरतात."

हे खरंच होतं, म्हणून तिला लागलं नाही. खोटं असतं तरी लागलं नसतं.

रात्रीचा भात वाढताना तिनं विचारलं, "चंद्रू, अप्पांचं कुंड कुठं खणायचं?"

घास त्याच्या हातात राहिला. त्याची बायको विजयलक्ष्मी ताकाचं भांडं धरून जागच्या जागी थिजली.

"जिवंत बापाचं कुंड? अक्का, तुझी जीभ आहे की विळी?"

"फरशी घाल. नाहीतर एक कोपरा सोड."

"नवरा खाल्लास, आता बाप?" तो पानावरून उठला.

"वन्सं, जेवताना तरी," विजयलक्ष्मी पुटपुटली, आणि भवानीनं पान उचललं. भात गायीला घातला. शिवी तिनं नीट ऐकली होती, ती कुठं जाऊन बसली एवढंच तिला सापडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. रत्नवेलू गवंड्यानं पत्र्यावर वाळू, खडी, सिमेंट कालवलं. मजूर बायका घमेली वाहू लागल्या. ओट्यापासून गटारापर्यंत राखाडी चिखल पसरत निघाला. व्यंकोबांनी तोंड भिंतीकडे केलं. एवढा वेळ अंगण त्यांच्यापुढे होतं, तिकडे ते बघेनात.

भवानी घागर खाली ठेवून पायऱ्या उतरली आणि दाराच्या उजव्या अंगाला, उरलेल्या मातीवर मांडी घालून बसली.

"अम्मा, उठा. तिथं ओतायचंय," रत्नवेलू तमिळात म्हणाला.

"हे अप्पांचं कुंड. इथं ओतू नका," तीही तमिळात म्हणाली. मोठ्यानं. रस्त्यात तमिळ सगळ्यांना कळत होतं.

समोरच्या ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. एक घमेलेवाली मात्र हसली. "अम्मन देवी बसलीय गं! ओता भोवतीनं, गाभारा होईल!"

चंद्रमौली पंचा सावरत धावत आला. "अक्का, ऊठ. लोक बघताहेत."

"बघू देत."

"हात धरून उठवीन!"

"धर."

भर रस्त्यात बोडक्या बहिणीला ओढायची? आणि तेही स्वतः नुकतं न्हाऊन सोवळ्यात असताना? त्याचा हात पुढे आला नि परत गेला. त्यानं रस्त्याकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, आणि सगळा राग गवंड्यावर काढला. "बघतोस काय? ओत भोवतीनं! बसू दे किती बसते ती!"

त्यांनी ओतलं. तिच्या गुडघ्यांपाशी फळ्या उभ्या केल्या, मागे एक लावली आणि थापी फिरवली. ऊन चढलं. फळीच्या फटीतून चिखल आत येऊन तिच्या घोट्याला लागत होता. ती हलली नाही. हललं तर जागा जाईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. संध्याकाळी सिमेंट आवळल्यावर रत्नवेलूनं आडवी फळी टाकली आणि भवानी त्या फळीवरून ओट्यावर आली. विजयलक्ष्मीनं घोट्याकडे बघून तोंडावर हात धरला. कातडी भाजल्यासारखी सोलून आली होती.

"दुखत नाही?"

भवानीनं वाकून पाहिलं. दुसऱ्या कुणाचा तरी पाय असावा तसा. "दुखत असेल," ती म्हणाली.

व्यंकोबांनी विचारलं, "केवढी राहिली?"

"माझ्या बसायच्या मापाची."

"पुष्कळ झाली," ते म्हणाले आणि त्या रात्री भात मागून जेवले.

कार्तिकात ते गेले. या मुलखात पावसाळा तेव्हाच; पाऊस थांबत नव्हता. त्या मातीत खड्डा खणला, दगड रोवला, वर झावळ्यांचा आडोसा केला. चंद्रमौली रोज ओलेत्यानं तिळाचं पाणी ओतायचा. भवानी लेक, त्यातून विधवा, तिला त्या पाण्याला हात लावायचा नव्हता. ती आतून तीळ निवडून द्यायची.

भेटायला येणारा जो तो ती जागा बघून मान डोलवी. कृष्णमूर्ती तर अगदी हळहळला. "आमच्या आईचे हाल झाले. तू बरी आठवण ठेवलीस."

"मुद्दाम सोडून ठेवली होती," चंद्रमौली म्हणाला. डोळे पुसले. त्याला ते खरंच वाटत होतं.

दहाव्याला दगड निघाला, खड्ड्यात माती लोटली. तेरावं आटोपल्यावर त्यानं रत्नवेलूला बोलावलं. पाहुणे त्या खळग्यात पाय मुरगाळून घेतात, दिसायलाही वाईट.

"सिमेंटानं बुजवू?" रत्नवेलूनं विचारलं. "पुन्हा जागा लागली तर, अय्या?"

विजयलक्ष्मीनं नवऱ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या नणंदेकडे, आणि पटकन आत गेली.

"आता कुणासाठी?" चंद्रमौली म्हणाला. "भर."

भवानीनं ते ऐकलं. घरात पुढचा नंबर कुणाचा, हे तिला काही न कळण्यासारखं नव्हतं. आपल्याला राग यायला पाहिजे, असं तिला वाटलं. ती थोडा वेळ थांबली, येतो का बघायला.

"अम्मा, पाणी," रत्नवेलू म्हणाला. "कालवायला."

ती घागर भरून घेऊन आली.