पन्न्याचा खडा, रिछाईचा हिरा

अच्युत पांढरीपांडे जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यातून निवृत्त झाले आणि पुढच्याच हिवाळ्यात त्यांनी हिऱ्यांच्या खाणींच्या पन्ना गावाजवळ हिरे शोधायला जमिनीचा एक तुकडा घेतला. तिथे सरकार कोणालाही असा छोटा पट्टा देतं. खणायचं, माती धुवायची, उरलेली खडी उन्हात वाळवायची आणि हाताने निवडत बसायचं. सापडला तर हिरा, नाही तर गुडघेदुखी.

त्यांची मुलगी चिन्मयी भौतिकशास्त्र शिकली होती आणि जबलपूरच्याच रिछाई भागातल्या एका लहान कारखान्यात चक्क हिरे बनवत होती. यंत्राच्या बंद चेंबरमध्ये हिऱ्याच्या पातळ चकत्या ठेवायच्या, मिथेन आणि हायड्रोजन सोडायचा, आत जांभळा जाळ पेटवायचा. त्या चकत्यांवर कार्बनचे थर बसत बसत काही आठवड्यांत हिरा तयार होतो.

त्यामुळे घरात जेवणाच्या वेळी रोज एकच विषय. जमिनीच्या पोटातून येतो तो हिरा, बाकी सगळी कारागिरी, असं अच्युतराव म्हणायचे. बर्फ हिमालयातला असो की फ्रिजमधला, बर्फच असतो, असं चिन्मयी म्हणायची. आई, लतिका, शाळेत शिकवून आलेली असायची. दोघांच्या पानात भाजी वाढून ती टीव्हीचा आवाज मोठा करायची.

मार्चमध्ये अच्युतरावांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धुळीत बसायला सक्त मनाई केली. पट्ट्याची मुदत संपत आली होती, धुतलेल्या खडीचा ढीग तसाच पडला होता, आणि मजूर गव्हाच्या कापणीला निघून गेले होते. अच्युतराव काळा चष्मा लावून खिडकीशी बसून राहिले, जेवणाच्या वेळी त्यांनी वादही घातला नाही. दोन दिवस हे पाहिल्यावर लतिकाच चिन्मयीला म्हणाली, "तुझं यंत्र तर आपलं आपण चालून राहिलं ना? मग जा की बाबांसोबत. त्यांचे डोळे नाहीत, तुझे आहेत."

चेंबर उघडायला अजून आठवडा होता. कारखान्याचे मालक योगेंद्र भैया यांनी लक्ष ठेवायचं कबूल केलं. वीज गेली तर तेवढा फोन करा, असं दहा वेळा सांगून चिन्मयी बाबांना घेऊन पन्न्याच्या बसमध्ये बसली. वाटेतलं सिहोरा गाव मागे पडेपर्यंत ती फोनच पाहत होती.

खाणीवर मजुरांपैकी फूलमती नावाची एक बाई तेवढी थांबली होती. तिने चिन्मयीला शेजारी बसवून घेतलं आणि काम दाखवलं: खडी हाताने पातळ पसरायची, उजवीकडून डावीकडे सारायची, नजर हलवायची नाही, हात हलवायचा. अच्युतराव लांब, पळसाच्या सावलीत, काळ्या चष्म्याआडून दोघींकडे बघत बसले. चिन्मयीला सुरुवातीला हे सगळं वेडेपणाचं वाटलं. तिने कारखान्यात हिरे पाहिले होते ते चौकोनी, काळ्या कडांचे. जमिनीतला कच्चा हिरा तिने हातात कधी धरलाच नव्हता. इथे प्रत्येक दुसरा खडा उन्हात चमकत होता, आणि प्रत्येक वेळी तिचा हात थबकत होता, आणि प्रत्येक वेळी फूलमती नाही म्हणून मान हलवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला थबकायची सवय उरली नव्हती. बोटं आपोआप चालत होती. तशात एक खडा बोटांखालून गेला आणि पुढे गेलेला हात परत मागे आला. चण्याएवढा, जरासा पिवळट. इतर खड्यांसारखा तो चमकत नव्हता. तेलाचा हात लागल्यासारखा दिसत होता, आणि त्याच्यावर धूळ बसलेली नव्हती. चिन्मयीने त्याच्यावर बाटलीतलं थोडं पाणी सोडलं. पाणी पसरलं नाही, हिऱ्यावर राहतं तसं थेंब होऊन उभं राहिलं.

तिने फूलमतीकडे पाहिलं. फूलमतीने या वेळी मान हलवली नाही. ती उठून उभीच राहिली.

"बाबा," चिन्मयी म्हणाली, "इकडे या."

अच्युतराव आले, वाकले, पण खड्याला हात लावेनात. पडला तर पुन्हा सापडायचा नाही, अशी त्यांना भीती वाटत होती. "तूच धर," ते म्हणाले. "मुठीत धर आणि मूठ उघडू नको."

सापडलेला हिरा सरकारी हिरा कार्यालयात जमा करावा लागतो आणि मग त्याचा लिलाव होतो. कार्यालय बंद व्हायला फार वेळ नव्हता. ऑटोत चिन्मयी मूठ मांडीवर दाबून बसली होती, शेजारी बाबा, पलीकडे फूलमती. वाटेत म्हशींचा कळप आडवा आला. ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला, पण म्हशी आपल्या चालीनेच चालत राहिल्या. चिन्मयीला हसू यायला लागलं आणि ते थांबेचना. तिचं बघून अच्युतरावही हसायला लागले.

कार्यालयातल्या पारख्याने खडा भिंगाखाली धरला, फिरवला, तराजूत टाकला, पुन्हा भिंगाखाली धरला. मग म्हणाला, "हीरा ही है, बिटिया. और अच्छा है."

फूलमतीने दोन्ही हात जोडले. अच्युतरावांनी चष्मा काढून डोळे पुसले, तेव्हा चिन्मयीने त्यांना ऑपरेशनची आठवण करून दिली. रोज ज्याच्याबरोबर काम करायचं, हाही तोच कार्बन, हे तिला माहीत होतं. तिचं मतही बदललं नव्हतं. पण मघाचा तो क्षण, हात मागे आला तेव्हाचा, तिच्या अंगातून जात नव्हता.

परतीच्या बसमध्ये अच्युतरावांनी विचारलं, "चिनू, तुझा हिरा निघतो तेव्हा तुला असंच होतं का?"

"असंच होतं, बाबा. काहून की आतून काय निघेल, हे आम्हालाही माहीत नसतं. भेग पडलेला निघतो, काळा निघतो. कधी कधी काहीच नीट निघत नाही."

अच्युतराव चकित झाले. इतके दिवस त्यांची समजूत अशी होती की बटण दाबलं की हिरा पडतो. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली ती जबलपूर येईपर्यंत: जाळ किती तापतो, तो जांभळाच का, वीज गेली तर काय होतं.

चेंबर उघडायच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून चिन्मयीच्या स्कूटीवर मागे बसले. योगेंद्र भैयांनी त्यांना यंत्राच्या काचेपाशी नेलं. आतला जाळ अजून पेटलेला होता. अच्युतरावांनी काळा चष्मा लावूनच आत पाहिलं आणि तिथून हलायला तयार होईनात. जाळ विझवल्यावर चेंबर थंड होईपर्यंत ते येरझारा घालत राहिले. चहा समोर आला तो तसाच निवला.

झाकण उघडलं. चिन्मयीने चिमट्याने एकेक तुकडा ट्रेमध्ये ठेवला. पहिला तडकलेला होता, दुसरा करडा. अच्युतरावांचा चेहरा पडला. तिसरा तिने दिव्याखाली धरला, कडा काळ्या आणि मधोमध पाण्यासारखा स्वच्छ. चौथा तसाच. पाचवा तर त्याहून चांगला.

"बघू," अच्युतराव म्हणाले, आणि या वेळी त्यांनी हात पुढे केला.

तळहातावरचा हिरा त्यांनी उलटासुलटा करून पाहिला. मग दुसऱ्या हाताने खिशातला फोन काढून लतिकाला लावला. शाळेचा तास चालू होता, तरी तिने उचलला. "अगं, निघाला," ते म्हणाले. "आपल्या चिनूचा निघाला."

पन्न्याचा खडा पुढच्या लिलावात चांगला विकला गेला. फूलमतीला तिचा वाटा मिळाला. अच्युतरावांनी पट्टा पुन्हा घेतला आणि चिन्मयीने खडी निवडायला दिवाळीनंतरची रजा आतापासूनच मागून ठेवली. घरातला वाद अजून चालतो. फक्त आता अच्युतराव आधी विचारतात, आज चेंबरचं काय झालं, आणि लतिका टीव्हीचा आवाज कमी करते.