लाकडावरची छाटणी

आमच्या भूम तालुक्यात झाड तोडणाऱ्याला कुणी पैसे देत नाही. तोडणारा लाकूड घेऊन जातो, तीच त्याची मजुरी. याला म्हणतात झाड लाकडावर देणं. लाकूड जास्त निघणार असेल तर उलट तोडणाराच मालकाच्या हातावर हजार-दोन हजार ठेवतो, आणि मालक लढाई जिंकल्यासारखा घरी जातो. न्हाव्याला सांगितलं, की बाबा, मजुरी मिळणार नाही, कापलेले केस तेवढे तुझे, आणि त्या केसांना बाजारात भाव असता, तर गावात एकाच्या तरी डोक्यावर केस राहिले असते का? इतकी साधी गोष्ट आहे. पण सांगायला गेलो की लोक मलाच हसतात.

मी भागवत, राहणार ईट. घरात पिढ्यानपिढ्या शेळ्या-मेंढ्या. माझे वडील धुळाप्पा बाभळीवर चढून शेळ्यांसाठी पाला पाडायचे, पण पुढच्या सालीही त्याच झाडाकडं यायचं असतं म्हणून हात राखून पाडायचे. चढणं मी त्यांच्याकडून शिकलो. पुढं सहा वर्षं पुण्यात झाडांची निगा राखणाऱ्या एका कंपनीत होतो. तिथं दोरावर लटकून काम करायला शिकलो, आणि फांदी कुठं कापली की जखम भरून येते अन् कुठं कापली की झाड आतून कुजत जातं, तेही शिकलो. तीन वर्षांपूर्वी परत आलो तो कमरेचे दोन पट्टे, तीन दोर, हेल्मेट, हातकरवत आणि एक कटर मशीन घेऊन. चढायच्या दोराची किंमत ऐकली की लोक म्हणतात, एवढ्यात दोन शेळ्या आल्या असत्या. आल्या असत्या ना! पण शेळीचं शेपूट धरून तीस फुटांवर लटकता येत नाही.

जोडीला माझी बायको मोनिका. मी वर, ती खाली. कापलेली फांदी दोरावरून सावकाश जमिनीवर उतरवायची, हे काम तिचं. बाईमाणूस झाडाच्या कामाला येते म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या घरावरची फांदी उतरवताना मात्र हेच लोक तिला "सांभाळून हां, ताई" म्हणतात.

तर मथुराकाकूंनी मला बोलावलं ते मार्चच्या शेवटी. गावाबाहेर त्यांची वस्ती आहे, दोन खोल्या, वर पत्रे, आणि अंगणात चिंचेचं अवाढव्य झाड. काकूंनी सत्तरी ओलांडली आहे. जमीन त्यांच्या नावावर, पण ती करतो मुलगा रणधीर. ईटमध्ये त्याचं खताचं दुकान आहे. चिंच मात्र काकूंची. दरवर्षी चिंचा झोडपून, फोडून, चिंचोके काढून त्या बार्शीला नेऊन विकतात. औषधापासून लेकीच्या चोळी-बांगडीपर्यंतचं सगळं त्यातून निघतं. मुलापुढं हात पसरावा लागत नाही तो या झाडामुळं, हे काकू स्वतःच सांगतात.

"भागवत, ही पत्र्यावरची फांदी तेवढी काढ बाबा," त्या म्हणाल्या. "वारं सुटलं की काळजात धस्स होतंय."

मी वर जाऊन तासभर झाड तपासलं. पत्र्यावर आलेल्या फांदीला बेचक्यात भेग होती, हाताचं बोट आत जाईल एवढी. बाकीचं झाड ठणठणीत. खाली येऊन सांगितलं, "एकच फांदी काढायची. नऊ हजार होतील. लाकूड तुमचं. पत्र्याला पोचा आला तर भरपाई माझी."

रणधीर तिथंच खुर्ची टाकून बसला होता. तो हसलाच.

"नऊ हजार? आन् लाकूड बी न्हेणार न्हाईस?"

"न्हेणार न्हाय म्हणूनच नऊ हजार, दादा. मला लाकूड पाहिजे असतं तर मला सगळं झाडच धोक्याचं दिसलं असतं."

"अरं, गोरोबा उलट मलाच चार हजार द्यायलाय. म्हणला, धोक्याचं तेवढं काढतो."

गोरोबा म्हणजे आमच्या भागातला लाकडाचा ठेकेदार. मी विचारलं, "धोक्याचं कुठलं, ते कोण ठरवणार?"

"त्योच की. त्याचा धंदाच हाय त्यो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आजारी माणसाला बघायचं कुणी, तर ज्याला त्याच्या मरणातून पैसे मिळणार त्यानं! आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ईटच्या चावडीपासून भूमच्या स्टँडपर्यंत बघत जा. रस्त्याकडेची निम्मी झाडं अशीच धोक्याची ठरून बोडकी झालेली आहेत. तोड म्हटलं की परवानगीचा कागद लागतो, म्हणून त्याला छाटणी म्हणायचं. मग पावसाळ्यात त्या बोडक्या खुंटांवर फुटवे येतात, लोक म्हणतात बघा, कसं झाड तरारलं. ते फुटवे नुसत्या सालीला धरून असतात. चार वर्षांनी तेच मोडून कुणाच्या तरी अंगावर पडतात आणि पुन्हा गोरोबा हजर.

पण काकूंनी एका वाक्यात विषय संपवला. "झाड माझं हाय. भागवतच करल." सोमवार ठरला.

आदल्या दिवशी, रविवारी, काकू शेवटची चिंच घेऊन शेजाऱ्याच्या पिकअपमधून बार्शीला गेल्या. अकराच्या सुमारास मला रणधीरचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"भागवत, तुझा त्यो पट्टा आन् दोर घिऊन ये. लौकर ये, बाबा. माणूस अडकलाय."

मी आणि मोनिका मोटरसायकलवर सामान लादून दहा मिनिटांत पोचलो. अंगणात शिरलो आणि दोघंही जागीच थांबलो. चिंचेच्या तीन थोराड फांद्या जमिनीवर पडल्या होत्या. तिन्ही निरोगी. मांडीपेक्षा जाड, सरळ, चांगल्या वजनाच्या. पत्र्यावरची भेगेची फांदी मात्र जिथल्या तिथं लोंबत होती. ती तोडायला अवघड, खाली पत्रे, आणि लाकूड किती निघणार तिच्यातून? मग ती शेवटी. धोक्याचं तेवढं काढायला आलेल्या माणसांनी धोक्याला हातसुद्धा लावला नव्हता.

वर चौथ्या फांदीवर गोरोबाचा माणूस शिवानंद होता. पायात काही नाही, डोक्यावर काही नाही, कमरेला बैलाचा कासरा, आणि तो कासरा ज्या फांदीवर मशीन चालवायचं त्याच फांदीला गुंडाळलेला. फांदीला आधी खालून काप द्यायचा असतो. यानं सरळ वरून मशीन घातलं. फांदी तुटायच्या ऐवजी उभी चिरली, चिरून फुगली, आणि कासऱ्यानं शिवानंदला लाकडाशी आवळून धरलं. त्याचा चेहरा काळानिळा झाला होता. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. खाली गोरोबा आणि रणधीर शिडी धरून उभे होते आणि ती शिडी त्याच्या पायालाही पुरत नव्हती.

चढताना मी काय विचार केला ते विचारू नका, केलाच नाही. शाबूत फांदीवरून दोर टाकला, वर गेलो, मोकळा पट्टा शिवानंदच्या काखेखालून घातला, दुसऱ्या दोराला अडकवला आणि मोनिकाला ओरडून सांगितलं, "ताण धर!" तिनं ताण धरला. मग कासऱ्याला चाकू लावला. कासरा तुटला तसा त्यानं जो श्वास ओढला तो खाली अंगणापर्यंत ऐकू आला. मोनिकानं त्याला इंचाइंचानं खाली घेतलं. बरगड्या मोडल्या होत्या, पण बोलत होता. गोरोबाच्याच टेम्पोत घालून त्याला बार्शीला पाठवला. सोबत गोरोबा जाईल असं वाटलं होतं. तो गेला नाही, ड्रायव्हरला पाठवलं. तो लाकडापाशी थांबला आणि फोन करून त्यानं दुसरा टेम्पो मागवला.

मी अजून वरच होतो. खालून रणधीर म्हणाला, "भागवत, आता वर हायसच, तर ती पत्र्यावरची बी उरकून टाक की."

मी तसाच खाली उतरलो. तोंड उघडलं असतं तर तोंडातून शिव्याच आल्या असत्या, आणि तो वयानं मोठा. मोनिका मात्र बोलली.

"दादा, माणूस मरत व्हता आत्ता. तुमच्या चार हजारासाठी."

रणधीर म्हणाला, "आमाला काय ठावं असं व्हईल म्हणून?" हे एक बरं असतं. नऊ हजार कशाचे, हे मी चार दिवसांपूर्वी याच अंगणात उभं राहून सांगितलं होतं. तेव्हा याला हसू येत होतं.

चार वाजता काकू परतल्या. आम्ही त्यांची वाट बघत थांबलो होतो आणि गोरोबाचा दुसरा टेम्पो अजून आला नव्हता. पिकअपमधून उतरल्या, रिकामी पोती काखेत तशीच धरून झाडाकडं बघत राहिल्या. रडल्या नाहीत. गोरोबाला विचारलं, "धोक्याची फांदी कुठली रं?"

काकूंनी स्वतःच वर बोट केलं, भेगेच्या फांदीकडं. "ती हाय तिथंच हाय. मग ह्या तिघी कुणाच्या उरावर पडायल्या व्हत्या?"

"काकू, झालं ते झालं," गोरोबा म्हणाला. "लाकूड भरून घेतो. शिवानंदच्या दवाखान्याचा खर्च बी त्यातूनच निघल."

"त्याला झाडावर तू चढवलास. दवाखाना तू बघ. सातबाऱ्यावर माझं नाव हाय, एक ढलपी जरी उचललीस तर तहसीलला जाऊन बसन." मग रणधीरकडं वळल्या. "आन् तू त्याचे चार हजार माघारी दे. माझ्यासमोर."

रणधीरनं दिले. गोरोबा गेला.

काकू माझ्याजवळ आल्या. "जगल का रं हे?"

खोटं बोलायचं असतं तर तीच वेळ होती. मी म्हणालो, "जगेल, काकू. चिरफाळलेली बुडं नीट कापून साफ करावी लागतील. पण जवळजवळ सगळा पसारा ह्या फांद्यांवरच होता, चिंचा लगेच लागायच्या न्हाईत. थोड्या लागायला चार-पाच वर्षं. पहिल्यासारख्या लागायला दहा-बारा."

सत्तरी ओलांडलेली बाई, आणि मी तिला दहा-बारा वर्षांचा वायदा सांगतोय. मी म्हणालो, "पैसे नकोत मला. हे सगळं म्या फुकट करून देतो."

काकू एकदम उसळल्या.

"का रं? म्या मागितलं व्हतं का फुकट? सकाळी फुकटवालेच आलते की! बघ काय करून गेले. फुकट करणाऱ्याला जाब कुठल्या तोंडानं इचारायचा? पैसे घे तू. घेतलेस म्हंजे उद्या पत्रा फुटला, न्हायतर झाड वाळलं, तर तुझ्या दारात यिऊन भांडता येईल मला. किती व्हतील, नीट सांग."

तीन वर्षं मी लोकांना माझा दर समजावतोय. हे काही मला कधी सुचलं नव्हतं. मी म्हणालो, "पंधरा हजार."

"त्या दिशी नऊ म्हणलास."

"त्या दिशी एक फांदी होती, काकू."

त्यांनी रणधीरकडं पाहिलं. "ऐकलंस? पंधरा. तू द्यायचेस."

"आये, पंधरा हजार घालायचे आन् चिंचा लागणार दहा वर्षांनी," रणधीर पुटपुटला. "तवर तू..."

तो मधेच थांबला.

"तवर म्या काय?" काकू म्हणाल्या. "बोल की. थांबलास का?"

रणधीर जमिनीकडं बघत उभा राहिला. सकाळी हिशेब त्यानं हाच केला होता. फक्त तो तोंडानं म्हणायची वेळ त्याच्यावर आत्ता आली होती.

काकूंनी खुर्ची ओढली आणि झाडासमोर टाकून बसल्या.

"उजेड हाय अजून. भेगेची फांदी आज काढ, बाकीचं उद्या," त्या मला म्हणाल्या. "आन् मशीन लावायच्या आधी कुठं कापायलास ते मला दावायचं. मग कापायचं."

मी हेल्मेट घातलं. मोनिकानं दोर घेतला. वर गेलो, बेचक्यापाशी पोचलो, आणि काप जिथून जाणार होता तिथं खडूनं रेघ ओढली. काकूंनी डोळ्यांवर हाताची सावली धरून नीट बघितलं.

"हां," त्या म्हणाल्या, "काप."