दानम्माच्या फंडाचा फळा

मी फळा आहे. शाळेतला नव्हे. सोलापुरात वीरभद्रप्पांच्या चादर कारखान्यात, दारासमोरच्या भिंतीवर मी १९६६ पासून आहे. सागवानी अंग. अजून वाकलो नाही.

कारखान्यात बारा माग, अठरा माणसं. मालकांनी आपण होऊन म्हातारपणाचा फंड काढला. पगारातून कामगाराचे थोडे, तेवढेच मालकाचे. खंडेनवमीला मागांची पूजा झाली की सगळ्यांच्या घरच्यांसमोर प्रत्येकाची शिल्लक माझ्यावर लिहायची. "कुणी म्हणू नये, वीरभद्रप्पानं पैसे खाल्ले." माणूस सरळ. मलाही त्या कामाचा अभिमान होता.

चुकलो. दोघेही चुकलो.

दानम्मा मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. विधवा, मूलबाळ नाही. बहात्तर साली तिच्या दिरानं, धोंडप्पानं, तिची शिल्लक माझ्यावर वाचली आणि दुसऱ्याच दिवशी तो होटगीहून तिच्या दारात. म्हशीसाठी म्हणून निम्मे पैसे काढायला लावले. म्हैस आली. पैसे परत आले नाहीत.

पुढच्या खंडेनवमीला तो पहिल्या रांगेत. खिशात पैसे काढायचा अर्ज तयार. फक्त आकड्याची जागा कोरी आणि दानम्माचा अंगठा बाकी.

कारकून अण्णारावांनी तिचं नाव लिहिलं. आकडा लिहिणार, इतक्यात दानम्माचा घट्टे पडलेला हात माझ्यावर थाडकन बसला.

"हितं लिवू नका."

"अगं, आपली रीत हाय ती," मालक म्हणाले.

"मग तुमच्या तिजोरीत किती हाय, ते लिवा की आदी!"

सगळे हसले. मालकीणबाई सगळ्यांत मोठ्यानं.

धोंडप्पा उठला. "वैनी, घरच्या माणसापासून काय लपवायचं?"

"तुमची म्हस किती दूध देती, इचारलं का मी कदी, भावजी? हे माजं म्हातारपण हाय. त्यात वाटणी न्हाय."

मालकांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, बाईचं काम गेलं. त्यांनी फडकं घेतलं आणि मला वरपासून खालपर्यंत स्वतः पुसलं. तेव्हापासून शिल्लक बंद पाकिटात, ज्याची त्याच्या हाती. वाचता येत नाही त्याला अण्णाराव खोलीचं दार लावून सांगतात.

आता माझ्यावर पाळ्या आणि सुट्ट्या लिहितात. ताठ मानेनं उभा आहे. इतर मालकांना एवढंच सांगतो: हिशेब चोख ठेवा, पण ज्याचा त्यालाच दाखवा.

परवा दानम्मा निवृत्त झाली. मालकांनी दिलेला नारळ घेतला, फंडाचं पाकीट कमरेला खोचलं. दारात धोंडप्पा उभाच.

"वैनी, किती मिळालं?"

"मला पुरंल तेवढं," ती म्हणाली, आणि टांग्यात चढून बसली.